अडकलेला प्लग : पाव फेऱ्यानंतर काय?

वाचकांचे प्रश्न, हेड-दुरुस्तीच्या टेबलावरून उत्तरं

इंजिनांची हेड, म्हणजे सिलिंडरवरची झाकणं, ज्यांत स्पार्क प्लग फिरवून बसवतात, ती दुरुस्त करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. माझ्याकडे हेड येतं ते बहुतेक वेळा कुणीतरी जोर लावून झाल्यावर. यावेळच्या पत्रांत मात्र एक पत्र असं आहे की लिहिणारा वेळेत थांबलाय. म्हणून त्याला सगळ्यात जास्त जागा देते.

प्रश्न : ताई, माझ्या चार सिलिंडरच्या जुन्या पेट्रोल गाडीचे तीन प्लग सहज निघाले. चौथा पाव फेरा सुटला, किर्र असा आवाज आला आणि तिथेच रुतला. मोठा भाऊ म्हणतो, पान्याला पाइप लावू. शेजारचे काका म्हणतात, इंजिन चांगलं तापव आणि गरम असतानाच काढ. मी पाना ठेवून दिलाय. दोन दिवस गाडी तशीच उभी आहे. काय करू?

उत्तर : पाना ठेवून दिलात, यातच निम्मं काम झालं. आता भावालाही पाइप ठेवायला सांगा. पाऊण मीटर पाइपच्या टोकाला चाळीस किलोचा जोर दिला, तर प्लगवर ३०० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पडतो. हाच प्लग बसवताना लागतात २५ ते ३०. दसपट पीळ सोसेल इतकी जाड त्या पोकळ प्लगची भिंतही नसते आणि हेडमधले ॲल्युमिनियमचे आटे तर नाहीच नाहीत. दोघांपैकी एक जाणार. प्लग तुटला तर सुदैव म्हणायचं, कारण प्लग नवा मिळतो.

भोकाच्या आत काय चाललंय ते आधी डोळ्यांसमोर आणा. तुमचा प्लग बहुधा १४ मिलिमीटरचा असेल, आट्यांतलं अंतर सव्वा मिलिमीटर, आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. म्हणजे पंधरा आटे. त्यातला पाव फेरा झाला, बाकी जवळजवळ सगळे फेरे अजून व्हायचे आहेत. आट्यांच्या फटीत काजळीची खडी किंवा खरवडलेल्या ॲल्युमिनियमचं कुसळ अडकलं असेल, तर प्रत्येक फेऱ्याला ती पुढचा आटा ओरबाडत जाईल. जबरदस्तीने काढलेले प्लग मी पाहते तेव्हा त्यांच्या आट्यांत चकचकीत पांढऱ्या धातूची स्प्रिंग गुंडाळलेली असते. ती स्प्रिंग म्हणजे हेडचे आटे.

पण पाव फेरा सुटला, ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. प्लग पूर्ण आवळलेला असताना त्याचा वॉशर भोक बंद करून बसलेला असतो. वरून कितीही तेल ओतलं तरी ते वॉशरवर साचून राहतं, आट्यांपर्यंत जात नाही. आता वॉशर उचललाय, वाट उघडी आहे.

प्लगच्या खड्ड्यातली धूळ आणि खडे आधी हवेने उडवून टाका. हे काम सगळ्यात आधी, कारण प्लग निघाला की तोच कचरा सिलिंडरमध्ये पडतो. मग गंज सोडवणारं पातळ तेल प्लगच्या बुंध्याशी सोडा. खड्डा भरायचा नाही, बुंधा ओला राहील इतकंच. आणि रात्रभर थांबा. हे थांबणं कुणालाच आवडत नाही, हे मला माहीत आहे. पण तेलाला पंधरा आट्यांची चक्री वाट चालायची असते आणि त्या वाटेत काजळी भरलेली असते. दहा मिनिटांत ते पोचत नाही.

सकाळी सहा कोनांचं सॉकेट घ्या, रॅचेटची मूठ आखूड घ्या, आणि प्लग *आधी आवळायच्या दिशेने* फिरवा. हो, आवळायच्या. जितका सहज जाईल तितकाच, अगदी एक अष्टमांश फेरा. मग सोडायच्या दिशेने तेवढाच आणि वर किंचित. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. किर्र वाजलं की पुढे जायचं नाही, मागे यायचं, तेल सोडायचं, पाच मिनिटं बसायचं. पुढे-मागे करताना काजळी दळली जाते आणि तेलाबरोबर वर येते. बुंध्याशी काळं पाणी दिसायला लागलं की समजा, काम सुरू झालं. एक प्लग असा काढायला मला दोन-दोन तास लागलेत. त्या दोन तासांचं मला कधी वाईट वाटलं नाही.

हाताला काय जाणवतंय ते नीट ओळखा, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे. काजळी किंवा गंज असेल तर हाताला खरखर लागते, दोन्ही दिशांना सारखीच लागते, आणि तेल मिळालं की ती कमी होत जाते. ॲल्युमिनियम चिकटलं असेल तर खरखर नसते. प्लग मऊ, चिवट, रबरासारखा पीळ घेतो, आणि प्रत्येक पुढच्या फेऱ्याला आधीपेक्षा *घट्ट* होतो. मागे नेला तरी सैल होत नाही. हे जाणवलं की घरचं काम तिथेच संपलं. प्लग आहे तिथे राहू द्या आणि हेड उतरवून आणा. प्लग आत असलेलं हेड माझ्याकडे आलं तर मी तो यंत्रावर सरळ कोरून काढू शकते. आटे फाडून आणलेल्या हेडात मला आधी भोक शोधावं लागतं.

आता काकांचा सल्ला. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. हेड तापलं की भोक प्लगपेक्षा जास्त मोठं होतं, हे खरं. किती मोठं? हेड आणि प्लग दोन्ही ३० वरून ९० अंशांवर गेले, तर १४ मिलिमीटरच्या भोकात फरक पडतो सुमारे ९ मायक्रॉनचा. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्याचा आठवा भाग. एवढ्या फटीत तेल शिरतं, पण अडकलेली खडी त्यातून सुटत नाही. शिवाय तापलेल्या हेडावर हात भाजतो, माणूस घाई करतो, आणि घाईत हाताला काही कळत नाही. म्हणून एरवी प्लग थंड इंजिनातूनच काढावा, हेच बरोबर.

उष्णता वापरायची असेल तर अशी वापरा. रात्रभर तेल मुरलं, तरी खरखर जात नाही. मग प्लग परत पूर्ण आत नेऊन बसवा, साचलेलं तेल कापडाने टिपून घ्या, कारण ते पेट घेतं. इंजिन पाचेक मिनिटं चालवा. बंद करा, आणि हेड कोमट होऊ द्या, तळहात ठेवून दहा आकडे मोजता येतील इतकं. तेव्हा प्लग पाव फेरा सोडून पुन्हा तेल घाला आणि पूर्ण थंड होऊ द्या. धातू आकसताना तेल आत ओढलं जातं. हे दोन-तीनदा केल्यावर नाही म्हणणारे प्लग फार थोडे.

मी शिकाऊ होते तेव्हा काकांसारखंच ऐकून तापलेल्या इंजिनावर पाइप लावला होता. तोही चौथाच सिलिंडर होता. प्लग निघाला, मला आनंद झाला, आणि तो हातात फिरवून पाहिल्यावर आट्यांतली ती पांढरी स्प्रिंग दिसली. गाडीच्या मालकांना पहाटे निघायचं होतं. माझे उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी हेडचे बोल्ट सोडायला घेतले आणि आम्ही रात्रभर ते हेड केलं. त्यांच्या त्या न बोलण्याची मला आजही आठवण होते.

प्लग निघाला की फेकू नका. त्याचे आटे वाचा. खालच्या टोकाचे दोन-तीन आटेच काळे, जळके असतील तर प्लग हेडपेक्षा लांब होता. त्याचे उघडे आटे ज्वालेत भाजले, त्यांवर काजळी बसली, आणि निघताना तीच काजळी हेडच्या आट्यांतून ओढली गेली. उलट प्लग आखूड असेल तर हेडचे खालचे आटे उघडे पडतात आणि त्यांत काजळी भरते. मग योग्य लांबीचा नवा प्लग शेवटच्या दोन फेऱ्यांत अडतो, आणि लोक तो जोराने बसवतात. वरचे आटे काळे आणि वॉशरभोवती काजळीचा फुलोरा असेल तर प्लग सैल होता, जळका वायू आट्यांतून वर येत होता. सैल प्लगही अडकतो, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. आणि षटकोनाशी तांबडा गंज असेल तर प्लगच्या खड्ड्यात पाणी जातंय. धुताना जातं, किंवा वरच्या टोपीचं रबर गेलेलं असतं.

प्रश्न : मोटारसायकलचा प्लग. गाडीसोबतच्या नळीच्या पान्याने फिरवताना पाना निसटला आणि षटकोनाचे कोपरे गोल झाले. आता कुठलाच पाना धरत नाही. प्लग मात्र हललेलाच नाही. वर पोर्सेलीन शाबूत आहे.

उत्तर : कोपरे गोल होण्याचं कारण बहुतेकदा खड्ड्यातली माती असते. मातीमुळे पाना पूर्ण खाली बसत नाही, वरच्या दोन मिलिमीटरला धरतो आणि निसटतो. तेव्हा आधी खड्डा टोकदार तारेने खरवडून, हवेने साफ करा आणि सहा कोनांचं चांगलं सॉकेट एकदा पूर्ण खाली बसवून पाहा. बारा कोनांचं नको. निम्म्या वेळा एवढ्यानेच भागतं, कारण षटकोनाचा खालचा भाग अजून कोरा असतो.

नाही धरला तर पोर्सेलीनला हात लावण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. प्लगचं पोर्सेलीन म्हणजे ॲल्युमिना. घासायच्या चाकांचे कण बहुतेकदा ज्या पदार्थाचे असतात, तोच. त्याचा एक कपचा सिलिंडरमध्ये गेला तर पिस्टन आणि भिंत दोन्ही खरवडली जातात. म्हणून पोर्सेलीन फोडायचं असेल तर फक्त वरचं, षटकोनाच्या बाहेरचं, आणि प्लग अजून घट्ट बसलेला असताना. तेव्हा खालची वाट बंद असते. तुकडे लगेच शोषून काढा.

मग एक नंबर लहान सॉकेट हातोडीने ठोकून षटकोनावर बसवा. ठोकताना सरळ, सॉकेटच्या मध्यावर. सॉकेट वाया जाईल, जाऊ द्या. याचा दुसरा फायदा असा की ठोकण्याच्या हादऱ्याने आट्यांतली पकड थोडी सुटते. त्यानंतर वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणेच, आधी केसभर आवळा, मग सोडा.

तेही फसलं तर षटकोनावर नट वेल्ड करायचा. वेल्डिंगची धग थेट प्लगच्या पोलादी अंगाला बसते, तो आधी फुगतो आणि मग थंड होताना आकसतो, त्यात पकड मोडते. मी पाहिलेल्या उपायांत हट्टी प्लगला हा सगळ्यात खात्रीचा. पण मोटारसायकलची टाकी हेडच्या डोक्यावरच असते. टाकी उतरवून दूर न्या, पेट्रोलची नळी बंद करा, बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा, मगच वेल्डिंग. हे ज्याला रोजच्या सरावातलं आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

प्रश्न : प्लगचा षटकोन तुटून हातात आला. आट्यांचा भाग हेडमध्येच राहिला. उलट आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला तुकडा धरून काढायचं हत्यार) ठोकला तर तो जास्तच घट्ट झाला असं वाटतं.

उत्तर : वाटतं ते खरं आहे. आत राहिलेली नळी पातळ असते. निमुळता एक्स्ट्रॅक्टर तिच्यात पाचरीसारखा शिरतो आणि तिला बाहेरच्या बाजूला फुगवतो. जितका जोर, तितकी नळी हेडला घट्ट. अजून ठोकू नका. तो तुटून आत अडकला तर त्याला ड्रिलही लागत नाही, इतका तो कडक असतो.

अशा वेळी नळी *आत दुमडायची*. हेड टेबलावर असेल तर मी करवतीच्या पात्याचा अरुंद तुकडा मुठीला बांधून नळीला आतून दोन उभे काप देते, जवळजवळ आट्यांच्या मुळापर्यंत, हेडला न लागता. मग कापांमधली पट्टी बोथट छिन्नीने आत ढकलली की नळीचा व्यास कमी होतो आणि ती पक्कडीत येते. काम किचकट आहे, डोळा आणि प्रकाश दोन्ही लागतात. हेड गाडीवर असताना हे मी स्वतः करत नाही. पोलादाचा चुरा आणि पोर्सेलीनचे कण दोन्ही खाली पडणार, आणि ते सगळे निघाले अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही. हेड उतरवा.

प्रश्न : आटे गेलेच आहेत. नवा प्लग नुसताच फिरतो. एकजण म्हणतात तारेची स्प्रिंग बसवा, दुसरे म्हणतात बुश बसवा. आणि हेड न उतरवता होईल का?

उत्तर : बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे पाडलेली धातूची नळी. वायरची स्प्रिंग, म्हणजे हेलिकॉइल, चांगली वस्तू आहे. एकदा आवळून वर्षानुवर्षं न सोडायच्या बोल्टसाठी मी ती आनंदाने वापरते. पण प्लग वारंवार काढायचा असतो. एखाद्या दिवशी प्लगबरोबर स्प्रिंगही वर येते, आणि दुसऱ्यांदा भोक आणखी मोठं करावं लागतं. भरीव बुशला वर कडा असते, ती प्लगच्या बैठकीवर टेकते, आणि बुश एका जागी राहतो. प्लगची उष्णता हेडमध्ये जाते ती याच आट्यांतून आणि बैठकीतून, त्यामुळे बुश हेडला सर्व बाजूंनी घट्ट बसलेला हवा. त्याची लांबीही मोजून घ्या. खालून सिलिंडरमध्ये डोकावणारी कडा लालबुंद तापते आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते.

हेड न उतरवता होतं का? होतं, भोक सरळ दिसत असेल आणि हात सरळ जात असेल तर. टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, जुन्या आट्यांत वाट धरून जाणारा, पुढे मार्गदर्शक टोक असलेला घ्या, म्हणजे भोक तिरकं होत नाही. पिस्टन कुठे आहे हे बघितल्याशिवाय टॅप आत घालू नका. पिस्टन वर असेल तर टॅप त्याला लागतो, वाल्व उघडे असतील तर त्यांना. ठिणगीनंतरच्या खाली जाणाऱ्या फेऱ्यात, अर्ध्या वाटेवर पिस्टन आणून थांबवा. तेव्हा दोन्ही वाल्व बंद असतात. टॅपच्या खाचा जाड ग्रीसने भरा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, दोन फेऱ्यांनी टॅप बाहेर, ग्रीस पुसा, नवं भरा. चुरा ग्रीसमध्ये चिकटून वर येतो. उरलेला बारीक नळी लावून शोषून काढा आणि नळीचा कॅमेरा आत घालून पाहा. चुंबक घालून समाधान मानू नका, ॲल्युमिनियम चुंबकाला लागत नाही.

एकच गोष्ट मी नक्की पाहीन. प्लग निघताना पहिले दोन-तीन आटेच गेलेत आणि खालचे शाबूत आहेत, असंही असतं. मग बुशही नको. *उलटा टॅप* म्हणून एक हत्यार मिळतं. ते मिटलेलं आत जातं, खालच्या चांगल्या आट्यांत फाकतं आणि वर येताना बिघडलेले आटे सरळ करतं. चुरा वरच येतो. माझ्याकडे बुशसाठी आलेली काही हेड मी एवढंच करून परत दिलीत.

प्रश्न : नवे प्लग अडकू नयेत म्हणून आट्यांना अँटीसीझ (धातू चिकटू न देणारं वंगण) लावावं का?

उत्तर : प्लगचं अंग चकचकीत, मुलामा दिलेलं असेल तर नको. तो मुलामा त्यासाठीच असतो. वर अँटीसीझ लावलं की घर्षण कमी होतं, आणि तोच टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, दिला तरी प्लग प्रत्यक्षात जास्त ओढला जातो. अंग काळं, बिनमुलाम्याचं असेल तर मधल्या आट्यांना अगदी पुसट लावा, टोकाचे दोन आटे कोरडे ठेवा, आणि टॉर्क एक तृतीयांशाने कमी करा.

प्रश्न : टॉर्क पाना नसेल तर किती आवळायचा?

उत्तर : आधी प्लग बोटांनी जायला हवा. त्याच्या डोक्यावर वीतभर रबरी नळी घाला आणि नळीने फिरवा. तिरका जात असेल तर नळीच घसरते, पाना मात्र घसरत नाही आणि आटे कापतो. सुरुवात उलट दिशेने करा. प्लग किंचित खाली पडल्यासारखा टक् असा लागला की आट्याचं तोंड मिळालं, आता सुलटा फिरवा. शेवटपर्यंत बोटांनी गेला पाहिजे. मधेच अडला तर काढा, पाहा, पुन्हा घाला.

वॉशर टेकल्यावर, १४ मिलिमीटरचा नवा प्लग असेल तर अर्धा फेरा. वॉशर दबताना हाताला मऊ लागतं आणि मग घट्ट होतं. जुनाच प्लग परत बसवताय तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा फक्त एक बारांश फेरा, घड्याळात एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर. वॉशर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग असेल तर एक सोळांश, म्हणजे त्याहूनही कमी. १० आणि १२ मिलिमीटरच्या बारीक प्लगांसाठी मात्र टॉर्क पाना मागून आणा. त्यांना अनुक्रमे १० ते १२ आणि १५ ते २० न्यूटन-मीटर एवढंच लागतं, आणि १४ च्या सवयीचा हात तेवढ्यावर थांबत नाही.